खडकांची नाडी पाहणारा डॉक्टर

जेम्स हटन यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली, पण वैद्यकीचा व्यवसाय कधीच केला नाही. १७४९ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठात त्यांनी रक्ताभिसरणावर प्रबंध सादर केला आणि ते डॉक्टर झाले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे मात्र त्यांनी नाडी पाहिली ती खडकांची. पाऊस, नद्या आणि समुद्र जमीन सतत झिजवत असताना ती संपून का जात नाही, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना आधुनिक भूशास्त्राचा पाया घातला गेला. देवघरातला संगमरवर आणि शाळेतली जुनी दगडी पाटी हे दगड कसे तयार होतात, याचा पहिला खात्रीचा धागाही त्यातूनच हाती आला. या दगडांना आज रूपांतरित खडक म्हणतात. दगडांचे कोडे सोडवणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे मात्र स्वतःच्या मूत्राशयातील खड्यांशी झुंजण्यात गेली.

धुराड्यातली काजळी

हटन यांचा जन्म १७२६ मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात झाला. वडील व्यापारी होते आणि शहराचे खजिनदारही. हटन लहान असतानाच ते वारले आणि आईने मुलांना वाढवले. चौदाव्या वर्षी हटन विद्यापीठात गेले, नंतर एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारीला लागले. तिथे दस्तऐवजांच्या नकला करण्यापेक्षा सहकाऱ्यांना रसायनांचे प्रयोग करून दाखवण्यातच त्यांचा वेळ जाई. अखेर वकिलानेच त्यांना मोकळे केले. त्या काळी रसायनशास्त्र शिकण्याचा जवळचा रस्ता वैद्यकातून जात असे. म्हणून त्यांनी एडिनबरा, पॅरिस आणि मग लायडन असा वैद्यकीय शिक्षणाचा प्रवास केला. एडिनबरातील विद्यार्थिदशेच्या अखेरीस त्यांना विवाहाबाहेर एक मुलगा झाला. हटन यांनी त्याला आर्थिक मदत केली, पण पुढे लग्न कधीच केले नाही. या मुलाची गोष्ट त्यांच्या बहुतेक मित्रांना हटन यांच्या मृत्यूनंतरच कळली.

पदवी हाती आली तरी दवाखाना थाटण्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी जेम्स डेव्ही या मित्राबरोबर वेगळाच उद्योग सुरू केला. एडिनबरातल्या घराघरांत कोळसा जळे आणि धुराडी काजळीने भरून जात. या काजळीपासून नवसागर काढण्याची पद्धत या दोघांनी बसवली. भांड्यांना कल्हई करताना वापरला जाणारा हाच तो नवसागर. तोपर्यंत तो इजिप्तहून आणावा लागे आणि रंगारी व धातुकाम करणारे कारागीर यांना त्याची नेहमीच गरज असे. कारखाना चांगला चालला आणि पोटापाण्याची चिंता कायमची मिटली.

शेताच्या बांधावरचा प्रश्न

वडिलांकडून हटन यांना बेरिकशर परगण्यात शेतजमीन मिळाली होती. शेती नीट शिकण्यासाठी ते १७५२ मध्ये इंग्लंडमधील नॉरफोक भागात जाऊन राहिले आणि १७५४ च्या सुमारास आपल्या शेतावर परतले. पुढे सुमारे चौदा वर्षे त्यांनी दगड वेचले, चर खणले, नवी नांगरट केली. दर पावसात गढूळ पाणी माती घेऊन ओढ्यात जाताना ते पाहत. ओढ्याची माती नदीत, नदीची समुद्रात. माती म्हणजे झिजलेला खडकच. मग हे असेच चालू राहिले, तर एक दिवस सगळी जमीन समुद्रात जाऊन पेरायला काहीच उरणार नाही.

हटन श्रद्धाळू होते. माणसांना आणि प्राण्यांना राहण्यासाठी निर्माण केलेली पृथ्वी अशी हळूहळू नष्ट व्हावी, हे त्यांना पटेना. झिजेची भरपाई करणारी काहीतरी व्यवस्था असलीच पाहिजे, असे त्यांना वाटले. समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ दडपून आणि तापून कठीण खडक होत असेल, मग तोच खडक वर उचलला जाऊन नवी जमीन तयार होत असेल आणि पुन्हा झिजत असेल, असा विचार त्यांच्या मनात आकार घेऊ लागला. रक्ताभिसरणावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला पृथ्वीतही एक अभिसरण दिसू लागले होते. हृदयाच्या जागी होती पृथ्वीच्या पोटातली उष्णता.

१७६८ च्या सुमारास शेत दुसऱ्याकडे सोपवून ते एडिनबराला आले आणि बहिणींबरोबर राहू लागले. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक हे त्यांचे जिवलग मित्र. तिघांनी मिळून एक मंडळ काढले होते. दर आठवड्याला जेवण आणि मनमोकळ्या गप्पा, एवढाच त्याचा कार्यक्रम.

सभागृहातला गैरहजर वक्ता

७ मार्च १७८५ रोजी एडिनबराच्या रॉयल सोसायटीत हटन यांचा पृथ्वीविषयीचा सिद्धांत वाचला जायचा होता. त्या दिवशी ते आजारी होते, म्हणून पहिला भाग ब्लॅक यांनी वाचून दाखवला. महिनाभराने, ४ एप्रिलला, दुसरा भाग हटन यांनी स्वतः वाचला.

त्या काळच्या श्रोत्यांना हा विचार पचणे अवघड होते. आर्चबिशप अशर यांनी बायबलच्या आधारे मांडलेल्या हिशेबानुसार पृथ्वीचा जन्म इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाला, असे अनेक जण मानत. हटन यांच्या फेऱ्याला तर मोजता न येणारा काळ लागत होता. दुसरीकडे जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणशाळेत शिकवणारे आब्राहाम वेर्नर यांचा मोठा दबदबा होता. एकेकाळी पृथ्वी महासागराने वेढलेली होती आणि त्या पाण्यातून ग्रॅनाइट, शिस्ट यांसारखे खडक एकामागून एक तळाशी बसत गेले, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या मते हे खडक पृथ्वीवरचे सर्वांत जुने आणि जन्मापासून तसेच होते. एक खडक बदलून दुसरा होतो, या कल्पनेला तिथे जागा नव्हती.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र धर्माचा नव्हता. तो रसायनशास्त्राचा होता आणि गंमत म्हणजे तो ब्लॅक यांच्याच शोधातून आला होता.

चुन्याची निवळी आणि अडकलेला वायू

त्या शोधाचे मूळ मूतखड्यात आहे. अठराव्या शतकात मूत्राशयातील खडे हा युरोपातला भयंकर त्रासाचा आजार होता. भूल देण्याची सोय नव्हती. खडा काढायचा तर रुग्णाला धरून ठेवून शस्त्रक्रिया करावी लागे. त्यामुळे खडा विरघळवणाऱ्या औषधासाठी लोक काहीही द्यायला तयार असत. जोआना स्टीफन्स नावाच्या स्त्रीच्या औषधाचे गुपित मिळवण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७३९ मध्ये ५,००० पौंड मंजूर केले. अंड्यांची कवचे आणि गोगलगायींचे शंख भाजून केलेला चुना आणि साबण हे त्या औषधातले मुख्य घटक निघाले. त्यानंतर चुन्याची निवळी मूतखड्यावर देण्याची प्रथा वाढली. पण भाजलेला चुना दाहक, पोटात घ्यायला धोक्याचा. त्याहून सौम्य काही मिळेल का, या शोधात वैद्यकाचे विद्यार्थी असलेले ब्लॅक मॅग्नेशियाकडे वळले आणि १७५४ मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला.

मूतखड्यावर औषध सापडले नाही, पण वेगळेच काही सापडले. चुनखडी भाजली की तिचे वजन घटते, कारण तिच्यात बांधून राहिलेला एक वायू निघून जातो. हा वायू म्हणजे आज आपल्याला माहीत असलेला कार्बन डायऑक्साइड. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर सुमारे ५६ किलो चुना उरतो, बाकीचे ४४ किलो वायुरूपाने उडून जाते. चुनाभट्टीत रोज हेच घडते.

आता हटन यांची अडचण लक्षात येते. त्यांचे म्हणणे होते की समुद्रतळाशी साचलेला शंखशिंपल्यांचा चुना पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने कठीण चुनखडी आणि संगमरवर झाला. पण तापवल्यावर चुनखडीतला वायू निघून जाऊन भुसभुशीत चुना उरायला हवा. मग संगमरवर कसा झाला? त्यात तर वायू जसाच्या तसा अडकलेला असतो. विरोधकांना वाटले, सिद्धांत इथेच कोसळला.

हटन यांचे उत्तर एका शब्दात मावणारे होते: दाब. भट्टी उघडी असते, म्हणून वायू निसटतो. समुद्राच्या आणि मैलभर जाडीच्या खडकांच्या ओझ्याखाली वायूला निसटायला वाटच मिळत नाही. उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळून वाफ होते, पण कुकरमध्ये ते त्याहून जास्त तापले तरी पाणीच राहते. तसाच काहीसा हा प्रकार. नुसत्या उष्णतेने चुनखडी मोडते, उष्णता आणि दाब एकत्र आले तर ती मोडत नाही, बदलते. रूपांतरित खडकांच्या शास्त्राचे बीज या एका मुद्द्यात होते. पण ते केवळ तर्काने मांडलेले होते. प्रयोगाचा पुरावा नव्हता.

डोंगरदऱ्यांतले पुरावे

हटन पुरावा शोधत होते तो निसर्गात. १७८५ मध्येच ते जॉन क्लार्क या मित्राबरोबर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील ग्लेन टिल्ट या दरीत गेले. नदीच्या पात्रात त्यांना काळपट शिस्ट खडक चिरत गेलेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा दिसल्या. ग्रॅनाइट पाण्यातून खाली बसलेला सर्वांत जुना खडक असता, तर तो दुसऱ्या खडकात असा घुसला नसता. तो वितळलेल्या रूपात खालून वर आला होता आणि आजूबाजूच्या खडकाहून तरुण होता. हटन यांना इतका आनंद झाला, की सोबतच्या वाटाड्यांना वाटले, यांना सोन्याची किंवा चांदीची खाणच सापडली.

१७८८ मध्ये गणितज्ञ जॉन प्लेफेअर आणि तरुण सर जेम्स हॉल यांना घेऊन ते होडीने सिकार पॉइंट या समुद्रकिनाऱ्यावरच्या टोकाशी गेले. तिथे करड्या खडकाचे थर पुस्तके उभी लावावीत तसे उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळपास आडवे पसरले होते. म्हणजे आधी गाळ साचला, खडक झाला, दुमडून उभा राहिला, वर उचलला गेला, झिजला आणि मग त्यावर पुन्हा नवा गाळ बसला. आजच्या मोजणीनुसार खालचे थर सुमारे ४३.५ कोटी आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हटन यांच्याकडे हे आकडे नव्हते. पण अशा फेऱ्यांसाठी काही हजार वर्षे पुरणार नाहीत, हे त्या कड्यासमोर उभ्या असलेल्या तिघांनाही कळले.

आजार आणि टीका

याच काळात मूत्राशयाचा विकार बळावत गेला. १७९३ मध्ये लघवी अडली आणि प्राणावर बेतले. वेदनादायक, धोक्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तीही भुलीविना. ईथरने भूल देण्याची पद्धत यायला अजून अर्धशतक होते. जीव वाचला, पण अनेक महिने त्यांना घराबाहेर पडता आले नाही. आज ध्वनिलहरींच्या तपासणीत खडा काही मिनिटांत दिसतो आणि लेझरने किंवा धक्कालहरींनी तो फोडून काढता येतो. हटन यांच्या वाट्याला यातले काहीही आले नाही.

त्याच सुमारास आयर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड किरवान यांनी त्यांच्या सिद्धांतावर कडाडून हल्ला चढवला. त्यांनी वैज्ञानिक आक्षेप घेतले, वर हा विचार नास्तिकतेकडे नेणारा असल्याचेही सुचवले. तोवर हटन यांनी मोठा ग्रंथ लिहिण्याचे काम लांबणीवर टाकले होते. या टीकेने मात्र ते जागे झाले. अंथरुणातून उठत असलेल्या या माणसाने पुराव्यांचा ढीग रचायला घेतला आणि १७९५ मध्ये दोन खंड प्रसिद्ध झाले. भाषा मात्र बोजड आणि उतारे लांबलचक. फार थोड्यांनी ते वाचले. तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित तर थेट १८९९ मध्ये छापले गेले.

आजार पुन्हा उलटला. १७९६ च्या हिवाळ्यात अंग रोडावत चालले होते, तरी ते आल्प्स पर्वतावरचे नवे ग्रंथ वाचत होते. २६ मार्च १७९७ रोजी त्यांनी खनिजांच्या नावांविषयी काही टिपणे केली. त्याच संध्याकाळी थंडी वाजून आली, वैद्याला बोलावणे धाडले गेले, पण उपचाराची वेळ निघून गेली होती. मृत्यूसमयी ते ७० वर्षांचे होते.

बंदुकीच्या नळीतला संगमरवर

दाबाचा मुद्दा प्रयोगाने तपासावा, असे जेम्स हॉल यांना कित्येक वर्षे वाटत होते. हटन यांना ते मान्य नव्हते. पृथ्वीच्या पोटातली अफाट शक्ती माणसाच्या भट्टीत कशी आणता येणार, असे त्यांचे मत होते. वडीलधाऱ्या मित्राचा मान राखून हॉल थांबले आणि हटन गेल्यानंतर कामाला लागले. बंदुकीच्या लोखंडी नळ्यांमध्ये खडूची पूड ठासून, तोंडे घट्ट बंद करून ते नळ्या भट्टीत तापवत. काही नळ्या फुटल्या, काहींतून वायू निसटला. १७९८ ते १८०५ या काळात त्यांनी असे पाचशेहून अधिक प्रयोग केले. ज्या नळ्या टिकल्या, त्या उघडल्यावर चुना निघाला नाही. खडूच्या पुडीचा घट्ट, स्फटिकमय, संगमरवरासारखा दगड झाला होता आणि वायू त्यातच होता.

हटन बरोबर होते. हे बघायला ते हवे होते, पण ते असते तर कदाचित प्रयोग आणखी लांबले असते.

१८०२ मध्ये प्लेफेअर यांनी आपल्या मित्राचा सिद्धांत सोप्या, सुंदर भाषेत मांडला आणि तो लोकांपर्यंत पोहोचला. हटन यांच्या मृत्यूच्याच वर्षी जन्मलेल्या चार्ल्स लायेल यांनी तो पुढे नेला. १८३३ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्यांनी उष्णता व दाबाने स्वरूप पालटलेल्या खडकांसाठी रूपांतरित हा वर्ग रूढ केला. अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित, ही शाळेत शिकवली जाणारी तीन खडकांची विभागणी अशी पूर्ण झाली.

दगड न वितळता कसा बदलतो?

हटन यांचे सगळेच खरे ठरले नाही. गाळ घट्ट होण्यासाठी तो बहुतेक वेळा तापून मऊ व्हावा किंवा वितळावा लागतो, असे ते मानत. प्रत्यक्षात साधा गाळ दाबाने आणि त्यात झिरपणाऱ्या खनिजांनीही घट्ट होतो. खडकाचे रूपांतरही तो घन असतानाच घडते. वितळला, तर थंड झाल्यावर तो अग्निजन्य खडक म्हणवला जातो.

जमिनीखाली साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढते. भूपट्टांच्या टकरीत एखादा थर दहा-वीस किलोमीटर खाली ढकलला गेला, की त्यातील खनिजांना जुनी मांडणी झेपत नाही. अणू आपापल्या जागा बदलतात, जुने कण विरतात आणि नव्या परिस्थितीत टिकणारी खनिजे वाढू लागतात. चिखलापासून झालेल्या शेल खडकाचा आधी पाटीचा दगड होतो. त्यातले सूक्ष्म चपटे कण दाबाच्या काटकोनात रांगेने बसतात, म्हणूनच पाटीचे सपाट पातळ पापुद्रे निघतात. उष्णता वाढली की अभ्रक चमकणारा शिस्ट होतो, त्याहून वाढली की पट्टेदार नाइस. चुनखडीत कॅल्साइटचे कण मोठे होऊन एकमेकांत गुंततात आणि संगमरवर होतो. त्यावर छिन्नी चालते आणि त्याला झिलई चढते, ती या घट्ट विणीमुळे. कधी सगळा प्रदेश न बदलता फक्त वितळलेल्या खडकाच्या शेजारचा पट्टा भाजून निघतो. हटन यांच्या घरासमोरच दिसणाऱ्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्यात असा भाजलेला गाळाचा खडक आजही पाहता येतो.

१८९३ मध्ये जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्याच डोंगराळ भागात दाखवून दिले, की ठरावीक खनिजे ठरावीक उष्णता गाठल्यावरच खडकात दिसू लागतात. गार्नेट, कायनाइट, सिलिमनाइट ही त्यातली नावे. खडकात कोणते खनिज आहे, यावरून तो किती तापला होता हे सांगता येऊ लागले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट या अग्निजन्य खडकाने झाकलेला आहे. पण त्याखालून डोके वर काढणारे जुने रूपांतरित खडक नागपूर-भंडारा पट्ट्यात आणि सिंधुदुर्गात आहेत. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतले मँगनीज याच खडकांतले आणि उष्णता सोसणाऱ्या विटांसाठी लागणारे कायनाइट आणि सिलिमनाइटही भंडारा भागात सापडते.

हटन यांचे दफन एडिनबरातील ग्रेफ्रायर्स दफनभूमीत झाले. थडग्यावर दगड बसवला गेला नाही. त्यांच्या नावाची पाटी तिथे लागली ती १९४७ मध्ये, मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी.